आंगणातला बेडूक घरात सांभाळायची वेळ आली तर

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरच्या माणसाला वेगळी सांगायची गरज नाही. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी लोकांच्या बेडरूममध्ये शिरलं. आमच्याकडे गुडघाभर होतं. दुपारी पाणी उतरल्यावर चिखल काढत होतो तेव्हा सोफ्याखाली एक मोठा टोड, म्हणजे खरबरीत अंगाचा जमिनीवर राहणारा बेडूक, बसलेला दिसला, मागचा डावा पाय मांडीजवळ कापलेला, बहुतेक पत्र्याने. आई म्हणाली राहू दे बाप्पा त्याला, त्याचंबी घर बुडालं असंल. तो पाय बरा होईपर्यंत म्हणून ठेवला आणि पुढच्या जूनपर्यंत म्हणजे जवळपास नऊ महिने तो आमच्याकडे राहिला. भाचीने नाव ठेवलं गोटू, कारण हालला नाही तर गोटाच वाटायचा.

हे लिहायचं कारण म्हणजे पावसाळ्यात बऱ्याच जणांकडे असा एखादा येतो, कोणाच्या पोराला आवडतो, कोणाला जखमी सापडतो, आणि मग लोक त्याला बादलीत भरपूर पाणी घालून ठेवतात, वरून पोळीचा तुकडा टाकतात आणि तो चार दिवसांत मरतो. प्रेमाने करतात हो सगळं, पण माहीत नसतं. मलाही नव्हतं. नऊ महिन्यांत मला जे कळलं त्यातलं एकच सांगायचं झालं तर हे की टोडची कातडी म्हणजेच त्याचं तोंड. पाणी तो तोंडाने पीतच नाही, कातडीतून ओढतो, थोडाफार श्वासही कातडीतून घेतो. म्हणून तुमच्या हाताला जे लागलंय, फरशीला जे लागलंय, पाण्यात जे मिसळलंय ते सगळं तो पितोय असं समजूनच चालायचं. खालचं सगळं यातूनच निघतं.

आधी ठरवा ठेवायचाच आहे का

आंगणात फिरणारा धडधाकट टोड उचलून घरात आणू नका, ही माझी पहिली विनंती. तो तिथे कूलरमागे, गोडनिंबाच्या कुंडीमागे स्वतःचं मस्त बघतोय, रात्रभर झुरळं आणि उधई खातोय, तुमचाच फायदा आहे. आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, 2022 मध्ये त्यात मोठे बदल झाले, त्यामुळे कुठलाही जंगली जीव पाळीव म्हणून ठेवायच्या आधी वनविभागाला एक फोन करून विचारून घ्यायचं. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे जखमी वन्यजीव घेतात, आणि पशुवैद्यकीय कॉलेजही त्याच भागात आहे. जखमी असेल तर पहिला रस्ता तोच. घरी ठेवायचा तो बरा होईस्तोवर, पावसाळा लागेस्तोवर, पाहुणा म्हणून.

कोणता बेडूक आहे तेही बघून घ्या. आपल्या घराजवळ जो खरबरीत, मातकट, फोड आल्यासारख्या अंगाचा, उड्या कमी आणि चालणं जास्त असा असतो तो साधा भारतीय टोड, पुस्तकात याला भेक म्हणतात, शास्त्रीय नाव डटाफ्रायनस मेलानोस्टिक्टस. यातला डटा म्हणजे ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता, 2006 मध्ये त्यांच्या नावावरून हे नाव दिलं गेलं. डोक्यावर डोळ्यांच्या कडेने काळ्या रेघा उठलेल्या असतात, फोडांची टोकंही काळी, त्यावरून लगेच ओळखू येतो. बाथरूमच्या टाइल्सला चिकटून बसणारा गुळगुळीत सडपातळ असतो तो झाडावरचा बेडूक, आणि पावसाळ्यात पिवळाधम्मक होऊन डबक्यात ओरडतो तो मोठा बुलफ्रॉग. त्या दोघांचं राहणीमान वेगळं, त्यांना यातलं काही लावू नका. आणि जुलैमध्ये नखाएवढी काळी पिल्लं दिसतात ती तर बिलकुल आणू नका, त्यांना खायला इतके बारीक किडे रोज लागतात की घरात ते जमत नाही.

हात कसा लावायचा

आधी हात नुसत्या पाण्याने खळखळून धुवायचे, साबणाचा अंश राहू द्यायचा नाही, आणि ओलेच ठेवायचे. क्रीम, सॅनिटायझर, डास न चावायचं मलम, कांदा चिरलेला हात, मिरची कुटलेला हात, काहीच चालत नाही. मग एक तळहात त्याच्या पोटाखाली सरकवायचा आणि दुसरा हात वरून हलका छत्रीसारखा धरायचा. पायाला धरून उचलायचं नाही, कधीच नाही. उचलल्यावर तो बहुतेक वेळा मुततो, आणि लोक ई म्हणून सोडून देतात, पण ते पाणी म्हणजे त्याची साठवण असते, कोरड्या दिवसांत तो मूत्राशयातलंच पाणी परत अंगात ओढून घेतो. म्हणजे एप्रिल-मे मध्ये तुम्ही त्याला उगाच दहादा उचललं तर त्याचा माठच रिकामा केला तुम्ही. पोरांना एकदा हे नीट समजावून सांगितलं की पोरं ऐकतात, आमच्या भाचीने तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे भाषण दिलं.

हात लावून झाल्यावर मात्र साबणाने स्वच्छ धुवायचे, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. डोळ्यांच्या मागे ज्या दोन लांबट फुगीर गाठी असतात त्यात विष असतं, पांढरं दुधासारखं निघतं, पण तो ते थुंकत वगैरे नाही, कोणी दाबलं किंवा चावलं तरच बाहेर येतं. आपल्या डोळ्यात किंवा तोंडात गेलं तर जळजळ होते, भरपूर पाण्याने धुवायचं आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरकडे जायचं. त्याला हात लावल्याने चामखीळ येते हे खोटं आहे, चामखीळ माणसाच्याच एका विषाणूमुळे येते, टोडचा काही संबंध नाही. घरात कुत्रा असेल तर खरी काळजी त्याची घ्या. कुत्र्याने टोड तोंडात धरला की फेस यायला लागतो, तेव्हा ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ पुसायची, तोंड खाली ठेवून पाण्याने धुवायचं, म्हणजे पाणी घशात जाणार नाही, आणि तडक पशुवैद्याकडे न्यायचं.

पाणी

याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण सगळं इथेच बिघडतं.

नळाचं पाणी सरळ द्यायचं नाही. त्यात क्लोरीन असतो, आपल्याला फक्त वास येतो, त्याला कातडीवर लागतो. आम्ही एक बकेट भरून 24 तास उघडी ठेवायचो आणि वर माशांच्या दुकानात मिळतं ते अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलंय त्या मापाने टाकायचो. दोन्ही काहून, तर नुसतं ठेवून क्लोरीन उडतो पण क्लोरीनचा एक दुसरा प्रकार असतो तो तसा उडत नाही, थेंबांनी दोन्हीचं काम होतं. बोअरचं स्वच्छ पाणी असेल तर ते चालतं. आरओचं पाणी रोज देऊ नका, त्यातले क्षार निघून गेलेले असतात.

भांडं कुठलं, तर मातीचा परळ. कुंडीखाली ठेवतात तो, वीत-सव्वा वीत रुंद, उथळ. पाणी टोड बसल्यावर त्याच्या हनुवटीच्या खालीच राहील इतकंच. टोड हा जमिनीवरचा प्राणी आहे, खोल पाण्यात ठेवला आणि बाहेर यायला जागा नसली तर थकून बुडून मरतो, बेडूक आहे म्हणजे पोहतच असेल असं नसतं. परळ रोज घासायचा, नुसत्या पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने, भांड्यांचा साबण नको. रोज म्हणजे रोजच, कारण तो त्याच पाण्यात हागतो आणि त्याच पाण्यातून पितो.

पिणं कसं असतं हे एकदा जवळून बघाच. गोटू संध्याकाळी लपणीतून निघाला की आधी परळाच्या काठावर थांबायचा, मग मागचे दोन्ही पाय पसरून पोटाचा खालचा भाग पाण्यात असा चपटा करून दाबायचा की वाटावं कोणी ओली पोळी तव्यावर थापली. मांड्यांच्या मधली तिथली कातडी पातळ असते, बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली, तीच पाणी ओढते. पाच-दहा मिनिटं डोळे अर्धे मिटून तसाच. मे महिन्यात तर अर्धा अर्धा तास. त्याला तसं बसलेलं बघितलं की मला कळायचं आज सगळं ठीक आहे.

घर

आम्हाला ओळखीच्यांकडून जुना फिश टँक मिळाला, 2 फूट लांब 1 फूट रुंद, एका टोडला पुरतो. नसेल तर मोठा प्लास्टिकचा क्रेट घ्या, बाजूंना भोकं पाडा, भोकांच्या आतल्या कडा घासून गुळगुळीत करा. वर जाळीचं झाकण लागतंच, आणि त्यावर वजन ठेवा, कारण हा प्राणी दिसतो सुस्त पण रात्री कोपऱ्यात पाय रोवून वर चढतो. आमचा पहिल्याच आठवड्यात निघाला आणि सकाळी देवघराखाली सापडला, अंगाला धूळ आणि केसांचे गुंते चिकटलेले.

खाली काय घालायचं, तर जखम असेपर्यंत काहीच नाही, फक्त ओला केलेला साधा टिश्यू पेपर, विनावासाचा, रोज बदलायचा. जखम भरली की मग धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, 3-4 इंच. विटेसारखं मिळतं ते पाण्यात फुगवायचं, दोन-तीनदा पिळून धुवायचं म्हणजे त्यातलं मीठ जातं. वरून सुकी पानं. नर्सरीची माती नको, त्यात खत असतं. रंगीत गोटे, छोटी खडी तर अजिबातच नको, किड्यावर जीभ मारताना खडा गिळला की पोटात अडकतो.

लपायला माठाचं फुटकं खापर. आमच्याकडे दर उन्हाळ्यात एक तरी माठ फुटतो, त्याचा अर्धा गोल भाग उपडा ठेवला, धार दगडावर घासून घेतली, झालं त्याचं घर. प्लास्टिकच्या शोभेच्या गुहा विकत घ्यायची काही गरज नाही, माती ओली केली की आत गारवा राहतो, जो आपल्या गावात सगळ्यात महत्त्वाचा. एका बाजूचं कोकोपीट ओलसर ठेवायचं, दुसऱ्या बाजूचं थोडं कोरडं, त्याला पाहिजे तिथे तो जाऊन बसतो. ओलसर म्हणजे मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकंच, चिखल केला तर पोटाला बुरशी आणि जखमा होतात.

उन्हात टँक ठेवायचा नाही, दहा मिनिटंसुद्धा नाही, काच तापून आत भट्टी होते. पण अंधाऱ्या कपाटातही नको, दिवस कधी आणि रात्र कधी हे त्याला कळलं पाहिजे.

खाणं

जे हालत नाही ते त्याच्यासाठी खाणंच नाही. भात, पोळी, दूध, पनीर, चिकनचा तुकडा, समोर ठेवून ठेवून तुम्ही थकाल. त्याला जिवंत किडे लागतात. रातकिडे सगळ्यात चांगले, मग मीलवर्म नावाच्या अळ्या, ज्या पक्ष्यांच्या खाद्यासाठी काही पेट शॉपमध्ये मिळतात, पण त्या चरबीवाल्या, म्हणून अधूनमधूनच. गांडुळं चालतात, पण गांडूळखताच्या हौदातली ती लालसर पट्ट्यांची असतात ती बऱ्याच टोडना आवडत नाहीत, गोटूने एकदा तोंडात घेऊन दोन्ही हातांनी बाहेर ढकललं, ओल्या मातीतली साधी मात्र शेवयीसारखी ओढून घ्यायचा. पहिल्या पावसात लाइटखाली पंखवाली उधई निघते ना, ती त्याची मेजवानी.

घरातली झुरळं द्यायची नाहीत. कोणत्या झुरळाने शेजाऱ्यांच्या घरची पावडर चाटलीय हे आपल्याला दिसत नाही, ते विष सरळ टोडच्या पोटात. महापालिकेची धुराची गाडी येऊन गेली की दोन-चार दिवस बाहेरचे किडे पकडणं बंद ठेवायचं. केसाळ अळ्या, विंचू, गोम, काजवे नकोत, काजव्यात विष असतं.

साइज, त्याच्या दोन डोळ्यांच्या मधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. मोठ्या टोडला दर दोन-तीन दिवसांनी 4-5 किडे पुरतात. रोज दिले तर रोज खाईल, हावरट असतो, आणि लठ्ठ होईल, मग पाय लुळे पडल्यासारखे होतात. किडे द्यायच्या आदल्या दिवशी किड्यांनाच गाजर, पालक, कणीक खायला घालायची, कारण किड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी टोडला मिळतं. आणि आठवड्यातून एक-दोनदा किडे पिशवीत घालून चिमूटभर कॅल्शियम पावडर टाकून हलवायचे, व्हिटॅमिन डी-थ्री असलेली घ्यायची कारण घरात ऊन मिळत नाही. हे चुकवलं तर काही महिन्यांत हाडं वाकतात.

किडे स्टीलच्या उभ्या काठाच्या वाटीत सोडायचे म्हणजे पळत नाहीत. रात्री उरलेले रातकिडे काढून घ्यायचे, ते झोपलेल्या टोडला चावतात.

आणि बघा खाताना. किडा दिसला की आधी तो अख्खा पुढे झुकतो, मग मागच्या पायाचं एक लांब बोट टकटक हालायला लागतं, बाकी अंग दगड. मग जीभ कधी गेली कधी आली दिसतच नाही, फक्त चप असा आवाज. आणि गिळताना दोन्ही डोळे आत ओढतो, डोळ्यांच्या गोळ्यांनीच घास घशाकडे ढकलतो तो. भाची पहिल्यांदा बघून घाबरली होती की त्याचे डोळे कुठे गेले. एखाद्या दिवशी तो पाठ कमानीसारखी करून, तोंड उघडबंद करत, हाताने डोकं पुसत बसलेला दिसेल, घाबरू नका, कात टाकतोय. आपण घामाचं बनियन डोक्यावरून काढतो तशी जुनी कातडी पुढे ओढतो आणि खाऊनही टाकतो. त्या दिवशी हात लावायचा नाही.

फरशी, फिनाइल आणि आमच्याकडे झालेलं

जानेवारीत मी त्याला संध्याकाळी हॉलमध्ये फिरायला सोडलं. दुपारी फरशी फिनाइलने पुसलेली, मीच पुसलेली, आणि चार तासांनी कोरडीठाक होती म्हणून मला वाटलं काही नाही होत. दहा मिनिटांत तो डोळे मिटून बसला, अंग चिकट झालं, मागचे पाय ओढायला लागला, उलटा केला तर सरळ होईना. मी परातीत साठवलेलं पाणी घेतलं, त्याला हनुवटी वर राहील असा ठेवला, दर दहा मिनिटांनी पाणी बदललं, बकेट संपली तर बोअरचं आणलं. अकरा वाजता त्याने एक पाय आत ओढला, पहाटे परातीच्या काठावर चढून बसला होता. वाचला, पण ती रात्र मी विसरणार नाही. म्हणून कळकळीने सांगते, टोड ज्या खोलीत आहे तिथे फिनाइल, डेटॉल, झुरळाचा स्प्रे, डासांची कॉइल, प्लगला लावायचं लिक्विड, धूप, रूम फ्रेशनर, सगळं बंद. डासांसाठी टँकवर मच्छरदाणीचं कापड टाका. टँक धुवायचा तर गरम पाणी आणि ब्रश, नंतर वाळवून वापरायचा. दिवाळीत फटाक्यांचा धूर येतो त्या खोलीतून आतल्या खोलीत हलवा.

थंडी आणि नवतपा

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा 10 च्या खाली जातो तेव्हा टोड कमी खातो, कमी हालतो, जबरदस्ती करू नका. टँकला तीन बाजूंनी जुनी गोधडी गुंडाळायची, आतल्या खोलीत ठेवायचा. टँकखाली गरम पिशवी नको, तो मातीत खाली शिरतो आणि पोट भाजतं.

खरी परीक्षा मे मध्ये. बाहेर 45-46, हवेत ओल नाही, 25 मे ला नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की घराच्या भिंतीसुद्धा रात्रभर गरम. टोडला 24 ते 30 डिग्री बरं वाटतं, 35 च्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. कूलरची खोली त्याच्यासाठी बरी कारण हवा ओलसर राहते, पण कूलरचा झोत थेट टँकवर नको, सततच्या वाऱ्याने कातडी सुकते. एसीची खोली त्याहून कोरडी, तिथे ठेवलाच तर पाणी दोनदा बघा. खापर दिवसातून दोन-तीनदा बाहेरून भिजवायचं, आपल्या कोरड्या हवेत ओली माती चांगलीच गार होते, माठाचंच तत्त्व ते. लाइट गेली तर फ्रीजरमधली गोठलेली बाटली फडक्यात गुंडाळून टँकच्या बाहेरून टेकवायची, आत बर्फ टाकायचा नाही. टँकमध्ये छोटं थर्मामीटर चिकटवा, अंदाजाने नका चालू.

आजारी आहे कसं कळतं

मी दर रविवारी त्याला डब्यात बसवून किचनच्या काट्यावर वजन करून वहीत लिहायचे. आला तेव्हा 58 ग्रॅम, मार्चमध्ये 71. (एवढा मोठा म्हणजे बहुतेक मादीच, नर लहान असतात आणि पावसाळ्यात त्यांचा गळा पिवळट-काळपट होतो, पण आमच्याकडे शेवटपर्यंत तो गोटूच.) वजन दोन आठवडे सलग उतरलं, पोटाची किंवा मांड्यांची कातडी लाल दिसायला लागली, फुग्यासारखा सुजला, मागून लाल मांस बाहेर दिसलं, उलटा केल्यावर सरळ होत नाही, दिवसा उघड्यावर तोंड वासून बसतो, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य. न्यायचं कसं, तर झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओला टिश्यू, बस, पाणी भरायचं नाही. घरातलं माणसांचं मलम, हळद, वेदनाशामक क्रीम मनाने लावू नका, कातडीतून सगळं आत जातं हे परत सांगते. गोटूची जखम डॉक्टरांनी सलाईनने धुतली, औषध थेंबाने मोजून दिलं, आणि मला फक्त कागद बदलत राहायला सांगितलं, सव्वा महिन्यात पाय चालायला लागला.

सोडायचं कधी, कुठे

जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत ओली झाली की. संध्याकाळी, दिवसा नाही. आणि जिथे सापडला तिथेच, किंवा तिथून अगदी जवळ. लोक चांगल्या भावनेने फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावावर नेऊन सोडतात, तसं करू नका, बेडकांमध्ये कातडीची एक बुरशी जगभर पसरलीय, घरात राहिलेल्या टोडकडून ती किंवा दुसरं काही नव्या तळ्यात जाऊ शकतं, आणि त्याला स्वतःलाही ती जागा अनोळखी. हाच आपला टोड मालासोबत मादागास्करला पोहोचला, 2014 मध्ये तिथे लोकांच्या लक्षात आलं, आणि आता तिथल्या प्राण्यांना त्याच्या विषाचा धोका झालाय. त्याची जागा ती त्याचीच.

आधीचे दोन आठवडे त्याला हाताने उचलणं बंद केलं होतं, आणि वाटीत किडे देण्याऐवजी टँकमध्ये मोकळे सोडायचो, समोर बसून, म्हणजे शोधून खायची सवय परत लागावी. त्या दिवशी आईने टँक तसाच आंगणात आडवा करून ठेवला, गोडनिंबाच्या कुंडीमागे, खापरासकट. तो बराच वेळ निघालाच नाही. आमच्याकडे पाऊस लांबला की पोरं धोंडी मागायला यायची, बेडूक काठीला बांधून, आई म्हणाली तेव्हा कोणी त्या बेडकाचं काही विचारलं नाही ना. साडेआठला तो बाहेर आला, परळात पोट दाबून बसला, आणि मग भिंतीच्या कडेने चालत गेला.

खापर आम्ही तिथेच ठेवलंय. परळात रोज रात्री साठवलेलं पाणी घालतो, सकाळी ओतून देतो म्हणजे डास होत नाहीत. आणि एक काम तुम्हीही करा, टोड घरात असो नसो. कूलरच्या टाकीत, आंगणातल्या हौदात, जमिनीतल्या पाण्याच्या टाक्यात उन्हाळ्यात टोड पाण्यासाठी उतरतात आणि गुळगुळीत भिंतीमुळे बाहेर निघू शकत नाहीत. टाक्याचं झाकण नीट बसवा, आणि कूलरमध्ये, हौदात एक वीट उभी आणि तिच्यावर टेकवून खरबरीत फळी ठेवा, पाण्यापासून काठापर्यंत पोहोचेल अशी. आमच्या कूलरमधून गेल्या मे मध्ये तीन जण त्या फळीवरून चढून गेले, त्यातल्या एकाच्या डाव्या मांडीवर जुना पांढरा व्रण होता.